संगीतस्मृतींचा धर्मादाय लिलाव : काय विकावे, काय राखावे?

शहाड, प्रतिनिधी - कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचा पहिला थांबा म्हणजे शहाड. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, बिर्ला मंदिर म्हणून परिचित असलेले विठ्ठल मंदिर, उल्हास नदीचे पात्र आणि फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेले उल्हासनगर ही या परिसराची ठळक ओळख. गाण्याशी त्याचे नाव सहसा जोडले जात नाही. मात्र येथून एका स्थानकावर असलेल्या कल्याणमध्ये १९२६ पासून कल्याण गायन समाज कार्यरत आहे, तर दुसऱ्या बाजूस अंबरनाथला इसवी सन १०६० मधील शिलालेख असलेले शिवमंदिर अलीकडे कला महोत्सवाचे स्थळ बनले आहे. गायन समाज, नाट्यसंस्था, भजनी मंडळे आणि जुनी सभागृहे यांच्या कपाटांतून पिढ्यान्‌पिढ्यांचे सामान साठत जाते. भोपळ्याला तडा गेलेले तंबोरे, भाता फाटलेल्या पेट्या, कार्यक्रमपत्रिका, स्वाक्षरी केलेली छायाचित्रे, स्पूल टेप, पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वह्या असे त्याचे स्वरूप असते.

वास्तूची डागडुजी निघते, संस्थेची शताब्दी येते किंवा एखाद्या आजारी कलावंतासाठी निधी उभारायचा असतो, तेव्हा या सामानाचा लिलाव करण्याची सूचना कोणीतरी मांडतोच. सूचना वाईट नाही. जगात अशा लिलावांतून मोठे निधी उभे राहिले आहेत. मात्र विकलेली वस्तू परत मिळत नाही, आणि एखाद्या संस्थेचा इतिहास अनेकदा अशाच दोन-चार वस्तूंत उरलेला असतो. म्हणूनच या व्यवहाराचा इतिहास, कायदा आणि कार्यपद्धती यांची माहिती एकत्रितपणे येथे देत आहोत.

बोलीची परंपरा आपलीच

सत्कार्यासाठी बोली लावणे मराठी माणसाला नवीन नाही. जत्रेतील सवालापासून ते लालबागच्या राजाच्या चरणी आलेल्या सोन्याचांदीच्या वस्तूंच्या विसर्जनोत्तर लिलावापर्यंत ही पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. महात्मा गांधींनी १९३३-३४ च्या हरिजन यात्रेत ती फार कौशल्याने वापरली. मिळालेली मानपत्रे आणि भेटवस्तू ते सभेतच लिलावात काढत. स्वतःच्या स्वाक्षरीसाठीही त्यांनी पाच रुपये आकारले आणि ही रक्कम निधीत जमा केली. थोर व्यक्तीचा हस्तस्पर्श हेच मूल्य, आणि ते मूल्य लोकांच्या कामी लावायचे, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

मराठी रंगभूमीने याच्याही आधी आपला वाटा उचलला होता. लोकमान्यांच्या निधनानंतर उभारल्या जात असलेल्या टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९११ मध्ये रंगभूमीवर आले होते आणि त्याला संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. या प्रयोगात गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत उभे राहिले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक एका रंगमंचावर आले. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक असूनही प्रेक्षकांची झुंबड उडाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले.

त्या रात्रीचे एखादे तिकीट किंवा हस्तपत्रक आज कोणाच्या पेटीत सापडले, तर त्याचे मोल काय? कागद म्हणून काहीच नाही. तारीख, वास्तू, दोन नावे आणि दुर्मिळ योग यांमुळे मात्र संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजेल. स्मृतिवस्तूंच्या बाजारात वस्तूपेक्षा तिची कथा विकली जाते आणि कथा सिद्ध करता आली तरच ती विकली जाते.

अलीकडच्या काळातील मराठी नाव अर्थातच लता मंगेशकर यांचे. २००५ मध्ये त्यांनी 'स्वरांजली' या दागिन्यांच्या संग्रहाची संकल्पना साकारली. त्यातील पाच दागिन्यांच्या क्रिस्टीज येथील लिलावातून १ लाख ५ हजार पौंड मिळाले आणि त्यातील काही रक्कम त्याच वर्षीच्या काश्मीर भूकंपग्रस्तांसाठी देण्यात आली. हे दागिने वाद्य नव्हते की मैफलीची खूण नव्हती. त्यांना जोडलेले नाव गाण्याचे होते, एवढे पुरेसे ठरले.

विटा, दारे आणि गिटारी

ऐतिहासिक वास्तूतील वस्तू विकून निधी उभारण्याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातील आहे. तेथील मॅथ्यू स्ट्रीटवर एका गोदामाच्या तळघरात जानेवारी १९५७ मध्ये 'कॅव्हर्न क्लब' सुरू झाला. १९६१ ते १९६३ या काळात बीटल्सचे जवळपास तीनशे कार्यक्रम तेथे झाले. पुढे भुयारी रेल्वेच्या वायुविजनासाठी जागा हवी म्हणून १९७३ मध्ये क्लब बंद करण्यात आला, इमारत पाडण्यात आली आणि तळघर बुजवले गेले. ज्या कामासाठी हे सारे केले ते त्या जागी झालेच नाही आणि तेथे काही वर्षे वाहने उभी राहत होती. सरकारी खात्यांची ही तऱ्हा आपल्याला अनोळखी नाही!

१९८२ मध्ये जागा पुन्हा खोदण्यात आली तेव्हा तळघराच्या कमानी जसेच्या तसे वापरण्याच्या स्थितीत नसल्याचे आढळले. तेव्हा मूळ विटांपैकी सुमारे १५ हजार विटा नव्याने बांधलेल्या क्लबमध्ये वापरण्यात आल्या. उरलेल्यांपैकी ५ हजार विटा, प्रत्येकी ५ पौंडांना, स्मृतिचिन्ह म्हणून विकण्यात आल्या आणि ते उत्पन्न स्ट्रॉबेरी फील्ड या 'सॅल्व्हेशन आर्मी'च्या बालगृहासाठी देण्यात आले. हा काटेकोर अर्थाने लिलाव नव्हता, ठरावीक दरातील विक्री होती. पण त्यात दोन गोष्टी नेमक्या साधल्या. वास्तूला जे हवे ते वास्तूत राहिले आणि जे उरले ते सामान्य चाहत्याला परवडेल अशा किमतीत त्याच्या घरी पोहोचले. बोली लावली असती तर एखाद्या धनिकाने दहा विटा नेल्या असत्या. पाच हजार घरांत एकेक वीट मात्र गेली नसती.

न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलची कथा निराळी आहे. बॉब डिलन, जॅनिस जॉप्लिन, लिओनार्ड कोहेन अशा अनेकांनी तेथे वास्तव्य केले. नूतनीकरणात खोल्यांची जुनी लाकडी दारे काढून टाकण्यात आली. तेथे पूर्वी भाड्याने राहिलेल्या आणि नंतर बेघर झालेल्या एका माणसाने ती मिळवली आणि कोणत्या दारामागे कोण राहत होते याचा चिकाटीने शोध घेतला. एप्रिल २०१८ मध्ये 'गर्न्सीज' या लिलावगृहाने पन्नासहून अधिक दारे विक्रीस काढली. डिलन यांच्या खोलीच्या दारासाठी १ लाख डॉलरची बोली लागली. उत्पन्नाचा काही भाग गरजूंना अन्न पुरवणाऱ्या 'सिटी हार्वेस्ट' या संस्थेस देण्याचे ठरले होते. शोध घेतला नसता तर ती दारे भंगारात गेली असती. हा शोध घेणे हेच लिलावाच्या तयारीतील सर्वांत कष्टाचे, आणि आपल्याकडे हमखास टाळले जाणारे काम.

मोठ्या रकमांची उदाहरणे गिटारींची आहेत. एरिक क्लॅप्टन यांनी अँटिग्वा बेटावरील आपल्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी जून १९९९ मध्ये शंभर गिटारी क्रिस्टीजमार्फत विकल्या आणि ५० लाख डॉलरहून अधिक निधी उभारला. २००४ मध्ये त्यांची 'ब्लॅकी' ही गिटार ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. ही गिटार त्यांनी सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी स्वस्तात घेतलेल्या तीन जुन्या गिटारींचे भाग जोडून तयार करवली होती. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिल्मूर यांच्या गिटारींची जून २०१९ मधील विक्री सुमारे २ कोटी १५ लाख डॉलरपर्यंत पोहोचली आणि ते उत्पन्न हवामानबदलाविरोधात कायदेशीर लढा देणाऱ्या 'क्लायंटअर्थ' या संस्थेसाठी होते. याउलट त्सुनामीग्रस्तांसाठी नोव्हेंबर २००५ मध्ये दोह्यात २७ लाख डॉलरला विकल्या गेलेल्या गिटारीला मैफलींचा काहीच इतिहास नव्हता. तिच्यावर मिक जॅगर, पॉल मॅकार्टनी, क्लॅप्टन आदींच्या स्वाक्षऱ्या होत्या, इतकेच.

हे आकडे वाचून येथील संस्थांनी हुरळून जाऊ नये. त्यामागे जागतिक बाजार, नामांकित लिलावगृह आणि हयात कलावंताची स्वतःची इच्छा होती. क्लॅप्टन आणि गिल्मूर यांनी स्वतःच्या मालकीची वाद्ये विकली. संस्था जे विकायला काढते ते बहुधा दुसऱ्याने विश्वासाने दिलेले असते.

मालक कोण?

पहिला प्रश्न हाच. बुजुर्ग गायकाने तंबोऱ्याची जोडी संस्थेला भेट दिली की केवळ वापरायला ठेवली? घराण्याच्या वारसांचा हक्क आहे का? दान देताना काही अट घातली होती का? जुने इतिवृत्त, पोचपावत्या आणि पत्रव्यवहार तपासल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. कागद सापडत नसेल तर वारसांकडून लेखी संमती घेणे उत्तम. लिलावाच्या दिवशी वारसाची नोटीस येण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

नोंदणीकृत न्यासांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. स्थावर मालमत्ता विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे बहुतेक विश्वस्त जाणतात. जंगम वस्तूंच्या बाबतीत मात्र 'आपल्याच वस्तू आहेत' असा समज आढळतो. न्यासाच्या नोंदवहीच्या उताऱ्यात, ज्याला बोलीभाषेत 'शेड्यूल वन' म्हणतात, जंगम मालमत्तेचीही नोंद असते. त्यात बदल झाल्यास ठरावीक मुदतीत बदल अहवाल द्यावा लागतो. संस्थेच्या घटनेत विक्रीचा अधिकार कोणास आहे हे पाहून सर्वसाधारण सभेचा ठराव करावा. विश्वस्त किंवा त्यांच्या नातलगांनी बोली लावू नये, असे त्या ठरावातच नमूद करणे शहाणपणाचे.

१९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम हा दुसरा महत्त्वाचा कायदा. कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू, तसेच ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेले पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित 'पुरावशेष' ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. १९२० च्या दशकात स्थापन झालेल्या संस्थांची मूळ वाद्ये नेमकी आता शंभरीच्या उंबरठ्यावर आहेत, हे ध्यानात घ्यावे. परदेशस्थ मराठी मंडळींकडून बोली मागवताना हा मुद्दा निर्णायक ठरतो.

तिसरी अडचण वाद्याच्या अंगातच दडलेली असते. जुन्या तंबोऱ्यांवर आणि सतारींवर हस्तिदंती नक्षी असते आणि घोडी सांबरशिंगाची असू शकते. वन्यजीव संरक्षण कायद्याने या पदार्थांच्या व्यापारावर बंधने घातली आहेत. अशा वाद्याची विक्री करण्यापूर्वी वन विभागाकडे विचारणा करणे आवश्यक आहे.

ध्वनिफितींबाबत तर सर्वाधिक गोंधळ असतो. मैफलीची स्पूल टेप विकली म्हणजे त्यातील गाणे विकले असे होत नाही. टेप ही वस्तू आहे. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क आणि गायक-वादकांचा प्रयोगाधिकार हे वेगळे हक्क आहेत. खरेदीदाराला ती टेप घरी ठेवता येईल, पण ती प्रसिद्ध करून पैसे मिळवण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. कलावंताच्या पत्रांनाही हेच लागू पडते. कागद ज्याच्या हाती आहे तो मजकुराचा धनी असतोच असे नाही.

बोलीचे नियम

लिलावाच्या खुद्द प्रक्रियेस १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे कलम ६४ लागू होते. हातोडा पडताच किंवा प्रथेनुसार 'तीन वार' होताच विक्री पूर्ण होते. तोपर्यंत बोली मागे घेता येते. किमान अपेक्षित किंमत राखीव ठेवता येते, परंतु तसे आधी सांगावे लागते. विक्रेत्याला स्वतः किंवा आपल्या माणसामार्फत बोली लावायची असेल तर तो हक्क जाहीरपणे राखून ठेवला पाहिजे. एरवी किंमत चढवण्यासाठी खोटी बोली लावल्यास खरेदीदार तो व्यवहार रद्द करू शकतो. 'चांगल्या कामासाठी' म्हणून कार्यकर्त्यांनी आपसांत बोली फुगवण्याचा प्रकार धर्मादाय कार्यक्रमांत सर्रास चालतो. हेतू चांगला असला तरी कायदा त्याला फसवणूकच मानतो.

कराच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लिलावात वस्तू घेणाऱ्यास '८० जी'ची पावती मिळेल, असे आश्वासन अनेकदा व्यासपीठावरून दिले जाते. देणगी ही मोबदल्याविना दिलेली रक्कम असते. येथे मोबदल्यात वस्तू मिळते, त्यामुळे ती खरेदी ठरते. वस्तूविक्रीवरील कराबाबत सनदी लेखापालांचा सल्ला आधीच घ्यावा. परदेशी देणगी स्वीकारायची असल्यास परकीय योगदान (विनियमन) कायद्याखालील नोंदणी लागते.

मोठ्या लिलावगृहांत हातोड्याच्या किमतीवर खरेदीदाराकडून अधिभार घेतला जातो, त्यामुळे बातम्यांत येणारा आकडा आणि धर्मादाय कामास मिळणारी रक्कम नेहमी सारखी नसते. स्थानिक संस्थेने हा खर्च प्रायोजकाकडून भागवावा आणि निधीतून किती टक्के खर्च होणार हे आधीच छापावे.

यादी आधी, लिलाव नंतर

प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते या साऱ्या व्यवहाराचे मर्म एका साध्या कामात आहे, आणि ते म्हणजे यादी. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, मोजमाप घ्यावे, चारही बाजूंनी छायाचित्र काढावे. ती कोणी, केव्हा दिली आणि याचा पुरावा काय, हे लिहावे. पुरावा नसेल तर 'असे सांगितले जाते' एवढेच लिहावे. स्वाक्षरीची शंका असल्यास त्याच व्यक्तीच्या निर्विवाद स्वाक्षरीशी ताडून पाहावी. स्पूल टेप आणि वह्या विकायच्या असोत वा नसोत, त्यांची डिजिटल प्रत आधी करून घ्यावी.

यादी नसली की काय होते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी कल्याण, उल्हासनगर, बदलापूर परिसरातील वस्त्यांत शिरले. तळमजल्यावरील कपाटांत ठेवलेल्या कागदाला आणि टेपला अशा पाण्यापुढे टिकाव धरता येत नाही. १६ सप्टेंबर २०१७ रोजी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांची वेशभूषा व स्मृतिचिन्हे भस्मसात झाली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत होरपळले. शाहू महाराजांच्या काळातील ही वास्तू, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.

यादी झाली की वस्तू आपोआप दोन गटांत विभागल्या जातात. जुन्या खुर्च्या, दिवे, रंगमंचाच्या फळ्या, ज्यांच्या अनेक प्रती उरल्या आहेत अशा कार्यक्रमपत्रिका, सर्वत्र आढळणाऱ्या लाखेच्या तबकड्या हा पहिला गट. यांची विक्री खुशाल करावी. कॅव्हर्नच्या विटांप्रमाणे छोटी धातूची पट्टी आणि क्रमांकित प्रमाणपत्र देऊन ठरावीक दराने विकल्यास अधिक लोकांचा सहभाग मिळतो. तबकड्यांबाबत फार अपेक्षा ठेवू नये. कारखान्यात हजारोंनी निघालेली तबकडी केवळ जुनी आहे म्हणून दुर्मिळ ठरत नाही.

दुसरा गट एकमेव वस्तूंचा. मैफलीची एकुलती एक टेप, अभिप्रायाची वही, संस्थापकांचा पत्रव्यवहार, एखाद्या थोर गायकाच्या साथीला वाजलेला तंबोरा या त्या वस्तू. या गटाला हातोडा लावू नये. त्या सांभाळणे संस्थेला झेपत नसेल तर संग्रहालयाचा पर्याय आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे स्वतंत्र दालन आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह राज्य शासनाकडे सोपवला, म्हणून तो आज एकत्र पाहता येतो. तो लिलावात निघाला असता तर शेकडो दिवाणखान्यांत विखुरला असता.

वाद्य विकायचेच ठरले तर आधी त्याची दुरुस्ती करावी की नाही, हाही वादाचा मुद्दा असतो. मिरजेचे कारागीर पंढरपूर, मंगळवेढा भागातील कडू भोपळ्यापासून तंबोरा घडवतात. तेथील सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फुटलेला भोपळा तेथे बदलून मिळतो, जवारी नव्याने काढून मिळते आणि वाद्य पुन्हा बोलू लागते. संग्राहकाला मात्र मूळ भोपळा, मूळ खुंट्या, झिजलेली घोडी हवी असते. वाजवणाऱ्याला विकायचे की जपणाऱ्याला, हे ठरल्यावरच कारागिराकडे जावे, आणि काढलेला जुना भाग टाकून न देता वाद्यासोबतच द्यावा.

लिलावानंतर महिनाभरात हिशेब प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. त्यात वस्तूचा क्रमांक, मिळालेली किंमत, एकूण खर्च, निधी कोणास व कोणत्या तारखेस दिला आणि न विकलेल्या वस्तू आता कोठे आहेत, एवढे तपशील असावेत. खरेदीदाराला हवे असल्यास त्याचे नाव गुप्त ठेवता येते. मात्र वस्तू पुढे कधी विकायची झाल्यास प्रथम संस्थेला विचारावे, अशी अट विक्रीपत्रात घालण्यास हरकत नसावी. ही अट लिलावाच्या आधी, छापील सूचीतच नमूद करावी लागते.